पेवाच्या तोंडाशी

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. दुसऱ्या वेळी तर अर्ध्यावरच मोबाईल उलटा ठेवून अंगणात जाऊन उभा राहिलो, कारण तळहाताला काथ्या टोचायला लागला होता. हातात काही नव्हतं. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आज मागचं न वाचता सरळ लिहीत जातोय. चुका असतील तर असू देत.

"लाईट जळतीय की लेका! बघ, कसली कडक."

सुकुमार असं म्हणाला तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या घरामागच्या परड्यातल्या पेवाच्या तोंडाशी पालथे पडलो होतो. उन्हाळ्यातली दुपार. अण्णा, म्हणजे सुकुमारचे वडील, जेवून आडवे झाले होते. काकी, त्याची आई, माडीवर सांडगे घालत होत्या. आम्ही पहारीनं फरशी सरकवली होती आणि दोरीला बांधून सुकुमारचा मोबाईल आत सोडला होता, टॉर्च लावून.

पेव बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. सांगलीजवळ, नदीकाठच्या आमच्या गावात हळद जमिनीच्या पोटात ठेवायची पद्धत. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, मग दगड-विटांनी बांधलेला अरुंद गळा, आणि खाली एकदम खोलीएवढं पोट. मोठा रांजण जमिनीत पुरल्यासारखं. हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवायची, मातीनं लिंपून टाकायचं. कीड लागत नाही, कारण किडीला जगायला आत हवाच नसते. म्हणून पेव उघडलं की आधी बराच वेळ ते तसंच उघडं टाकायचं, आणि उतरायच्या आधी पेटता कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आम्हालाही ठाऊक होतं. म्हणून तर दिवा सोडला. फक्त घरात आता कंदील नव्हता. अण्णांची हळद कोल्ड स्टोरेजला जायला लागली होती, पेव रिकामं पडलं होतं आणि कंदील कधीच भंगारात गेला होता. टॉर्चचा पांढरा गोळा खालच्या मातीवर पडला होता आणि जरासुद्धा हालत नव्हता. टॉर्चला जळायला हवा लागत नाही. हे आम्ही शाळेत शिकलो होतो, दोघंही. पण तिथं पालथं पडून आत बघताना दोघांच्याही डोक्यात ते आलं नाही.

उतरायचं कारण माझी गोष्ट.

मी तेव्हा बारावी करून घरीच होतो आणि मोबाईलवर भयकथा सांगायचो. एका चॅनेलला पाठवायचो. ते कधी घ्यायचे, बऱ्याचदा नाही. लिहायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्यांच्या ऐकून ऐकून जे जमेल ते. माझा हक्काचा ऐकणारा एकच, सुकुमार. आदल्या दिवशी मी त्यांच्या परड्यात उभा असताना ती फरशी बघितली आणि एकदम मनात आलं, हिच्याखालनं कुणी हाक मारली तर? अंगावर काटा आला. तिथंच त्याला सांगितलं.

"कोण हाक मारतंय?" त्यानं विचारलं.

"ते माहीत नाही."

"आत गेलाच कसा?"

"ते पण नाही माहीत."

"बरं, त्याला पाहिजे काय?"

"भुताला काय पाहिजे असतंय लगा?"

"मग ही गोष्ट न्हाई इंद्या. ही नुसती फरशी हाय." तो हसला. "तुझं कायम असंच. सुरुवात झकास, आणि पुढं नुसता धूर."

मला लागलं ते. मी म्हटलं, आतला आवाज बाहेर कसा येतो ते कळलं तर पुढचं सुचेल. घुमतो का, दबतो का. तर तो म्हणाला, "त्यात काय, उद्या मी आत जाऊन बोलतो, तू वर बसून ऐक."

असं सगळं. आणि आता टॉर्च जळत होती, आणि सुकुमारनं काथ्याचा जाड दोर कडुनिंबाच्या बुंध्याला बांधून आत सोडला. गळ्यात पाय ठेवायला खोबण्या होत्या. धिप्पाड अंगाचा सुकुमार त्या तोंडातनं तिरका होऊन आत गेला, तेव्हा मला हसू आलं होतं. जुन्या हळदीचा वास वर आला, ओल्या मातीसारखा, थोडा आंबट.

"येतंय का ऐकायला?" खालनं आवाज आला. तो सुकुमारचा वाटतच नव्हता. चारी बाजूंनी एकदम आल्यासारखा, जाड.

"भारी!" मी ओरडलो. "आता हाक मार. माझं नाव घेऊन."

"इंद्याऽऽ"

मी मोबाईलवर टाइप करत होतो, आवाज मागनं येतो, मातीतनं येतो. खालनं परत काही बोलणं आलं, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "काय?"

"डोकं गरगरायलंय लगा. वर येतो."

"ये ये."

दोर ताणला गेला. त्याचं धापणं ऐकू यायला लागलं. उतरताना काही झालं नव्हतं आणि चढताना कुत्र्यासारखा धापत होता. गळ्याच्या खालच्या टोकाला त्याचं डोकं दिसलं, केस, कपाळ. मग त्यानं एका खोबणीत पाय टाकला आणि ती वीट निसटली. तिच्या मागनं आणखी विटा आल्या. धाडधाड. धूळ वर आली. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा तो तिथंच होता, गळ्याच्या तळाशी, माझ्या हातापासून दीड माणूस खाली. पाठ एका बाजूला टेकलेली. एक पाय बांधकामाच्या निसटलेल्या दगडात मांडीपर्यंत अडकलेला.

"सुक्या, ओढ पाय."

"निघंना."

"ओढ की!"

"इंद्या," तो म्हणाला, अगदी हळू, "मला झोप यायलीय."

तेव्हा मला कंदील आठवला. मी कुणाला हाक मारली नाही, काही नाही, सरळ पेवात पाय टाकला. मागनं माझी कॉलर धरून कुणीतरी मला एवढ्या जोरात ओढलं की मी पाठीवर पडलो. काकी होत्या. विटांचा आवाज ऐकून माडीवरनं धावत आल्या होत्या, हाताला सांडग्याचं पीठ तसंच.

"तू बी जाऊन बसतोस आत? मग दोघास्नी काढायला कोण येणार, तुझा आजा?"

मग त्यांनी आत बघितलं. आणि ओरडल्या, "अहोऽऽ"

अण्णा आले. शर्ट नाही, नुसती लुंगी. त्यांनी एकदा वाकून आत बघितलं आणि लगेच आम्हा दोघांना तोंडापासून बाजूला ढकललं. "तोंड झाकू नका. जी काय हवा जातीय ती जाऊ दे." दोराला फास करून तो आत सोडला. "सुकुमार! ए सुकुमार! हात घाल ह्यात. काखेत घे. काखेत!"

फास त्याच्या खांद्यावर पडला. बराच वेळ तो तसाच पडून राहिला. मग एक हात वर आला, कसातरी फासात गेला.

"ओढूया अण्णा," मी म्हटलं. "तिघं ओढूया."

"पाय अडकलाय त्याचा. वरनं ओढलं तर आख्खा गळा बसंल त्याच्या अंगावर." अण्णा म्हणाले. "घाण हवा खाली बसलीय. त्याचं तोंड वर हाय तवर हाय. मान टाकून खाली कलंडला, की..." त्यांनी परत एकदा आत बघितलं. "आत हवा सोडाय पाहिजे. त्याबिगर उतरता येत न्हाई कुणाला."

सांगलीला अग्निशमनवाल्यांना फोन केला होता. गाडी निघतीय म्हणाले. अण्णा म्हणाले, ती यायची तेव्हा येईल, नाक्यावर मौलाच्या पंक्चरच्या दुकानात इंजिनवरचा कंप्रेसर आहे, तो टेंपोत घालून आणतो, नळी आत सोडू. ते मोटरसायकल काढायला वळले आणि परत फिरले. माझ्या हातात दोराचं टोक दिलं.

"त्याला झोपू देऊ नको. बोलत ऱ्हा."

"सुक्या!" मी ओरडलो. "सुक्या, बोल काहीतरी!"

"त्याला बोलाय लावू नको रे, दम जातोय त्याचा! तू बोल." मग अण्णा आत वाकून, "सुकुमार, बोलू नको. नुसता दोर ओढ. कळलं? ओढ बघू."

माझ्या हातातला दोर हालला. अगदी थोडा. मासा गळाला लागावा तेवढा.

"मी काय बोलू?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

"मोबाईलवर बडबडत असतोस न्हवं दिवसभर? गोष्ट सांग," अण्णा म्हणाले आणि गेले.

काकींनी एकदा "बाळा" म्हणून हाक मारली आणि त्यांना रडू फुटलं. ते ऐकून खाली सुकुमारनं धडपड केली, आणखी एक वीट पडली. काकींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मला हातानं खूण केली, तू, तू.

मी तोंडाच्या बाजूला उकिडवा बसलो. दोर दोन्ही हातात. आणि माझ्याकडे जगात एकच गोष्ट होती.

"एका गावात एक पेव होतं," मी सुरू केलं.

काकींनी माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही.

"म्हणजे... पेव नव्हतं. म्हैस होती."

समोर गोठ्यात त्यांची म्हैस रवंथ करत उभी होती. दुसरं काही नाही, ती दिसली म्हणून म्हैस.

"एक म्हैस होती. आणि दत्तू टेलर म्हणून एक होता. गावात नवीनच भाड्यानं राहायला आलेला. तर रोज सकाळी दत्तू टेलरनं दार उघडलं की दारात म्हैस. कुणाची, गावात कुणालाच माहीत नाही. हाकलली की जायची. दुसऱ्या दिवशी परत दारात."

एवढं झालं आणि माझं डोकं रिकामं झालं. पुढं काय? म्हैस आली. बरं. मग? आत धूळ खाली बसत होती, आणि त्या धुळीत सुकुमारचं डोकं एका बाजूला झुकल्यासारखं वाटत होतं.

दोर हालला.

त्याचं ते "मग?" मला ऐकूच आल्यासारखं झालं. कोण आहे, काय पाहिजे त्याला.

"मग दत्तूला कळेना ही जाते कुठं," मी म्हटलं. "म्हणून त्यानं काय केलं, दुकानातली लाल कापडाची चिंधी घेतली आणि म्हशीच्या शिंगाला बांधली. खूण म्हणून. म्हैस गेली. दुसऱ्या दिवशी आली. चिंधी शिंगालाच होती. पण सुक्या, ऐक, त्या चिंधीला चारी कडेनं शिलाई केलेली. बारीक, हातशिलाई. दत्तू टेलर असून त्यानं तसली बघितली नव्हती."

मी थांबलो. मलाच धक्का बसला होता. हे कुठनं आलं? ती शिलाई कुणी केली, मला तरी कुठं माहीत होतं?

दोर हालला. या वेळी जरा जोरात.

काकींनी तोंडातला पदर काढला आणि पुटपुटल्या, "ऐकतोय. ऐकतोय तो. सांग."

"मग दत्तूनं दुसरी चिंधी बांधली. हिरवी. तिला मधोमध नुसतं काज केलं, बटणाचं काज. आणि सकाळी म्हैस आली तर त्याच्यासमोर बटण लावलेलं. तिकडंपण कुणीतरी होतं. दत्तूला वाटलं, आयला, हे भुताटकीचं..."

खाली काहीतरी गडगडलं. मी श्वास धरून गप्प झालो. दोराला दोन हिसके बसले, एकापाठोपाठ एक.

"नाही, भूत नाही!" मी घाईनं म्हटलं. "भूतबित काही नाही सुक्या. माणूसच होता. हाडामासाचा माणूस. दत्तूला माहीत होतं, शिलाईत हात कळतो. त्यानं ठरवलं, म्हशीच्या मागं जायचं."

मला तेव्हा वाटलं, मला धरायला आता काहीतरी आहे. म्हणजे बघा, भीती होतीच, पाठीवरनं घामाची धार चालली होती. पण गोष्टीला रस्ता दिसत होता. दोर ओढला की कळत होतं, इथं त्याला पुढचं पाहिजे. दोन हिसके म्हणजे हे नको. मी आंधळ्यासारखा त्या दोराला धरून चाललो होतो.

"म्हैस पुढं, दत्तू मागं. म्हैस नदीत उतरली. दत्तूनं शेपूट धरलं..."

आणि इथं मी आत बघितलं. सुकुमारची मान पुढं पडली होती. हनुवटी छातीवर. वरनं नुसते केस दिसत होते.

काकींनी बघू नये म्हणून मी जराही थांबलो नाही. पाणी घोट्यापर्यंत आलं, म्हटलं, मग पोटरीला, मग गुडघ्याला. तळाशी गोटे, शेवाळलेले, पाय सरकतोय, शेपूट घट्ट. काठावर बायका धुणं धुतायत, एकजण म्हणतीय अगं बाई टेलर चालला की वाहून. पलीकडं वाळूत कलिंगडाचे वेल, एक माणूस छत्री लावून राखण करतोय. खंड्या बसलाय तारेवर, निळा, पाण्यात सूर मारला त्यानं, रिकामाच वर आला, परत बसला. पाणी कंबरेला आलं. म्हशीचं नुसतं नाक आणि शिंगं वर, शिंगाला लाल आणि हिरवी चिंधी. मी काय बोलतोय ते मला कळत नव्हतं. नदीत जे जे मी जन्मात बघितलं होतं ते सगळं मी त्या गोष्टीत टाकत होतो. मासे, भोवरे, पुलाचे खांब, खांबावरची पुराची खूण, वाहत आलेली चप्पल. आणि दोर हालत नव्हता.

हालतच नव्हता.

मी आणखी जोरात बोलायला लागलो. दम घ्यायलासुद्धा थांबत नव्हतो. काकींनी माझ्या पाठीवरचा शर्ट मुठीत आवळून धरला होता. त्यांना कळलं होतं. नदी संपत नव्हती. मला वाटत होतं, दत्तू पलीकडं पोचला आणि दोर हालला नाही तर? म्हणून मी त्याला पोचूच देईना. पाण्यातच ठेवला. पोहत राहा बाबा. पोहत राहा.

शेवटी घसा संपला. आवाज फाटला, नुसती हवा यायला लागली.

"पलीकडं," मी कसंबसं म्हटलं, "पलीकडं एक घर होतं. आणि घरातनं आवाज येत होता. शिलाई मशीनचा."

आणि बोलणं बंद पडलं. मी इच्छेनं थांबलो नाही, आवाजच राहिला नव्हता.

परड्यात इतकं शांत झालं की म्हैस चघळतीय तेही ऐकू यायला लागलं. काकींनी डोळे मिटले.

दोर हालला.

मग टेंपोचा हॉर्न, अण्णांचं ओरडणं, मौलाभाईंचं "सरका सरका", इंजिन फटफटायला लागलं, काळी नळी साप सोडल्यासारखी पेवात गेली आणि हवेचा फुस्स आवाज गळाभर घुमला. मला कुणीतरी बाजूला केलं. अण्णांनी मौलाच्या हातात काडेपेटी आणि तेलाची पणती दिली. पणती दोरीनं खाली गेली. आम्ही सगळे त्या ज्योतीकडे बघत होतो. ती वाकली, निळी झाली, आणि उभी राहिली. अण्णांनी कमरेला दोर बांधला आणि डोकं खाली पाय वर असे ते आत गेले. बारीक अंगाचा माणूस, पण त्या वयात. एकेक दगड त्यांनी हातानं सोडवला.

सुकुमार बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ जांभळे होते. त्याला निंबाखाली झोपवलं. काकी त्याच्या अंगावर पडल्या. तो डोळे उघडून पहिलं काय बोलला असेल तर, "मोबाईल आत राहिला." अण्णांनी त्याच्या थोबाडीत मारली आणि तिथंच मातीत बसून लहान पोरासारखे रडले.

फरशी परत बसवली गेली. पेव पुढं मुरूम टाकून बुजवलं. त्या दिवसाबद्दल सुकुमार कधी बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

गोष्ट मात्र मी लिहिली. मशीनवर कोण बसलंय ते मी नंतर ठरवलं. एक बाई होती, नवरा टेलर होता, वारलेला. आणि ती म्हैस आधी दत्तू राहत होता त्याच घरातली, घरमालकानं रेडकू असतानाच नदीपलीकडं विकलेली, म्हणून गावात कुणी ओळखेना. ती बिचारी सवयीनं जुन्या दारात यायची. सगळं नीट जुळलं. नदीचा भाग मी काढून टाकला. तिथं दोर हालला नव्हता, म्हणजे तो ऐकणाऱ्याला कंटाळवाणा. एका ओळीत दत्तू पलीकडं. ती गोष्ट एका दिवाळी अंकात आली. लोकांना आवडली. मग आणखी लिहिल्या, एक पुस्तक झालं. कॉलेजात बोलायला बोलावलं की पोरं विचारायची, सर, अचानक सुचलेलं काहीतरी असतं, त्याची पुरी गोष्ट कशी करायची? मी सर नाही, पण सांगायचो. म्हणायचो, ऐकणाऱ्याच्या हातात एक दोर आहे असं समजा. तो ओढेल तिथं वळण घ्या. जिथं ओढत नाही ते काढून टाका. पोरं लिहून घ्यायची. कुणाचा दोर, ते मी कधी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात सुकुमारचा फोन आला. "घरी ये."

गेलो. तो पलंगावर टेकून बसला होता. कंबर त्याला तेव्हापासून त्रास देते, आता पाय बधिर व्हायला लागला होता. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला होता. दोनदा तो जाऊन परत आला होता.

"त्या नळकांड्यात घालत्यात रे," तो म्हणाला. "डोस्कं आत गेलं की मी ओरडतो. बायकूसमोर. लाज वाटली लगा. आता डॉक्टर म्हणाले, केला न्हाई तर ऑपरेशन कुठं करायचं ते कळणार न्हाई. पाय जायचा म्हणाले."

मी त्याच्या त्या पायाकडे बघितलं.

"सोबत एक माणूस आत बसू देत्यात. तू येशील?"

"येतो की. पण मी बसून काय करू?"

"बोल."

"अरे, ते मशीन केवढा आवाज करतं. माझं काय ऐकू येणार तुला?"

"तेव्हा तरी कुठं येत होतं?"

मला कळलं नाही. "काय कुठं येत होतं?"

"पेवात. कानात नुसती मोटर चालू होती इंद्या. भुंऽऽ करून. तू काय सांगत होतास, एक शब्द कळला न्हाई मला. म्हैस होती ते तुझं अंकात छापून आलं तवा कळलं."

"आणि दोर? दोर ओढत होतास की!"

"तू थांबलास की ओढायचो." तो खाली बघत बोलत होता. "वर कायतरी भुणभुण चाललीय एवढं समजायचं. मधीच बंद पडायची. मला वाटायचं, गेले सगळे. फरशी ठेवून गेले. म्हणून ओढायचो. एकदा तर दोनदा ओढलं, लई घाबरलो. आणि मग एकदा," त्याचा चेहरा जरा सैल झाला, "एकदा तू लई वेळ थांबलाच न्हाईस. सलग. कुठं खंड न्हाई. तेवढा वेळ मला बरं वाटलं. मी मान टाकली, म्हटलं, हाय हा वर. आता हाय."

नदी. मी जी कापून टाकली ती.

मी त्याच्या पलंगाच्या कडेवर बसलो. इतकी वर्षं मला वाटत होतं, जिथं गोष्ट चांगली झाली तिथं त्यानं दोर ओढला. आणि ती सगळी वळणं म्हणजे मी घाबरून गप्प झालो होतो त्या जागा. खाली एक माणूस काळोखात त्या जागा मोजत होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. कधी जायचंय?"

"सोमवारी." त्यानं माझं मनगट धरलं. हात घामानं ओला होता. "अर्धा तास असतंय म्हणे. जास्त बी लागंल. जमंल तुला?"

"जमेल."

"चांगलं नसलं तरी चालतंय. कायबी बोल. फक्त मधी थांबायचं न्हाई. सुचलं न्हाई तरी न्हाई."

"नाही थांबणार."

"शब्द दे."

"दिला," मी म्हटलं. "तुला बाहेर काढेपर्यंत एकदासुद्धा थांबणार नाही."